नात्याचा रकाना

चित्रकलेच्या बाईंच्या गळ्यात जनगणनेचं काम पडलं, ते त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं म्हणून. निदान मुख्याध्यापकांनी कारण तरी तेच सांगितलं. खरं म्हणजे यादी वाचली जात असताना गणिताच्या सरांची पाठ धरली, भूगोलाच्या बाईंच्या मुलीची परीक्षा निघाली, आणि चित्रकलेच्या बाई तेवढ्या वेळात कुणाचं तरी रंगांचं पाणी पुसत होत्या. मान वर केली तोवर त्यांच्या नावापुढे खूण झाली होती.

वय बेचाळीस. अंगाने बारीक, चालायला चपळ, आणि बोटांना कायम कसला तरी रंग लागलेला. तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. गणना कार्यालयाचे साहेब फळ्यासमोर उभे राहून एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावत होते. "कुटुंब म्हणजे रक्ताचं नातं नव्हे. एका छपराखाली राहणारे आणि एका स्वयंपाकघरात जेवणारे, ते एक कुटुंब. लोक तुम्हाला हजार कहाण्या सांगतील. तुम्ही फक्त विचारायचं, जेवता कुठे?"

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि शेजारी झाकणाचं एक पातेलं काढलं.

त्यांच्या वाट्याला आली त्यांची स्वतःचीच गल्ली. एकशे चाळीस दारं. बंदर जवळ असल्यामुळे गल्लीत कुठून कुठून आलेली माणसं राहत होती. बाई तिथे सोळा वर्षं राहत होत्या, आणि गल्ली आपल्याला तोंडपाठ आहे असा त्यांचा समज होता. पहिल्या चार दारांतच तो खोटा ठरला.

कोपऱ्यावरच्या दोन खोल्यांत जहाजावरच्या मेकॅनिकचं अकरा माणसांचं कुटुंब निघालं. दिवसभर त्या घरातून आवाज म्हणून येत नसे. त्याच्या वरच्या खोलीत चार परिचारिका होत्या आणि पलंग तीन. "चौघी एकदम घरी कधी नसतोच," त्यातली एक डोळे चोळत म्हणाली, "आणि असलो तर बोलत बसतो, झोपतं कोण?" एका दारात सत्तरीचा न्हावी आणि अडुसष्टीची शिवणकाम करणारी बाई उभी होती. लग्न कधी झालं, या प्रश्नावर दोघं एकमेकांकडे बघून लाजली. याच मार्चमध्ये झालं होतं. पुढच्या घरी कुणालाच बाईंची भाषा येत नव्हती, तेव्हा सहा वर्षांच्या मुलीने दुभाष्याचं काम केलं आणि आजोबांचं शिक्षण विचारल्यावर स्वतःच ठरवून सांगितलं, "त्यांना काही येत नाही, पण ते छान आहेत."

बेकरीवाल्याला मातृभाषा विचारली तर तो हाताचं पीठ झटकत म्हणाला, "आईशी एक बोलतो, बायकोशी दुसरी, आणि भट्टी विझली की तिसरी. कुठली लिहिता?"

"आईशी बोलता ती."

"आई तर बहिरी आहे हो. तिच्याशी खुणांनीच बोलतो."

असं करत करत एकशे एकोणचाळीस दारं झाली. उरलं ते बाईंचं स्वतःचं. रविवारी दुपारी त्या आपल्याच स्वयंपाकघरात टेबलापाशी कोरं पत्रक घेऊन बसल्या. समोर त्यांच्या सासूबाई शेंगा सोलत होत्या.

सासूबाई म्हणजे, नीट सांगायचं तर, माजी. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं ऑपरेटर होत्या. अजूनही कुणाशी बोलताना समोरचा माणूस तारेच्या पलीकडच्या टोकाला आहे असा स्वच्छ, उंच स्वर लावत. त्यांचा एकुलता एक मुलगा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. बाईंचं त्याच्याशी लग्न झालं, दहा वर्षं बरं चाललं, मग दुसरीच कुणी त्याच्या मनात भरली. भांडण फारसं झालं नाही. तो मुळात भांडणारा माणूस नव्हता, नुसता मान खाली घालून उभा राहणारा होता. कागद झाले आणि एका सकाळी सुटकेस घेऊन तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला.

त्याच सकाळी बाईंनीही आपली बॅग भरली होती. घर भाड्याचं, आणि सासूबाईंच्या नावावर.

"तू कुठे निघालीस?" सासूबाईंनी विचारलं होतं.

"आई, आता मी इथे कुठल्या नात्याने राहू?"

"ते नंतर बघू. भातात पाणी जास्त झालंय, तेवढं आधी बघ."

बाईंनी बॅग खाली ठेवून भात बघितला. त्याला आता सहा वर्षं झाली होती, आणि "नंतर बघू" म्हटलेलं कुणी बघितलं नव्हतं.

बाईंनी पेन उघडलं. "कुटुंबप्रमुख?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "विचारायचं काय त्यात?"

"वय अठ्ठ्याहत्तर. विधवा. निवृत्त. आता मी." वैवाहिक स्थितीच्या रकान्यात त्यांनी 'घटस्फोटित' लिहिलं. मग 'प्रमुखाशी नाते' हा रकाना आला. मागच्या पानावर यादी होती. पती-पत्नी, मुलगा, मुलगी, सून, जावई, अशी खाली खाली जात शेवटी 'इतर नातेवाईक' आणि 'नाते नाही'.

"सून," सासूबाई शेंगांवरून नजर न काढता म्हणाल्या.

"तसं लिहिता येत नाही. वर घटस्फोटित लिहिलंय ना. जुळत नाही ते, पत्रक परत येईल."

"मग येऊ दे परत."

पण इतकी पत्रकं काटेकोर भरल्यावर आपल्याच घरी हात ढिला सोडायचा, हे बाईंना पटेना. त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात 'नाते नाही' असं लिहिलं.

सासूबाईंनी ते चष्मा लावून वाचलं आणि शेंगांचं भांडं घेऊन उठल्या. त्या संध्याकाळपासून घरात एक्स्चेंज सुरू झालं. "जेवण तयार आहे. कृपया यावे." "आपल्यासाठी फोन आला होता. निरोप नाही." बाई म्हणाल्या, "आई, असं काय करता?" तर उत्तर आलं, "क्षमस्व, आवाज येत नाही." हे आठ दिवस चाललं. शेवटी शेवटी बाईंना हसू आवरेना आणि त्यामुळे प्रकरण आणखीच चिघळलं.

नवव्या दिवशी गणना कार्यालयातून बोलावणं आलं. एकच नाव, एकच जन्मतारीख, दोन पत्रकांवर सापडली होती. सासूबाई बाईंच्या घरीही मोजल्या गेल्या होत्या आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलाच्या घरीही.

कार्यालयात साहेबांच्या टेबलासमोर तीन खुर्च्या मांडल्या होत्या. मुलगा आधीच येऊन बसला होता. सहा वर्षांत त्याचे केस बरेच विरळ झाले होते. बाईंना बघून तो उठला आणि पुन्हा बसला. सासूबाई मधल्या खुर्चीवर टेकल्या.

"आजी," साहेब म्हणाले, "एक माणूस दोन ठिकाणी मोजता येत नाही. तुम्ही राहता कुठे?"

"आधी त्याला विचारा, त्याने माझं नाव का लिहिलं."

मुलाने घसा खाकरला. "आई, ते घरी आले, म्हणाले, घरात कोण कोण आहे सांगा. मी माझं सांगितलं, हिचं... म्हणजे बायकोचं, बाळाचं. आणि तुझं नाव तोंडातून निघूनच गेलं. नंतर वाटलं, कसं खोडायचं? आईचं नाव खोडा म्हणून कसं सांगायचं?"

बाई त्याच्यावर रागवायची तयारी करून आल्या होत्या, ती तयारी फुकट गेली. सासूबाईंनी मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुझ्याकडे मी येते तेव्हा पाहुणी असते," त्या म्हणाल्या. त्यांचा एक्स्चेंजचा आवाज गेला होता, साधा म्हातारा आवाज उरला होता. "तुझी बायको चांगल्या कपात चहा देते. घरी मला कान तुटलेल्या कपात मिळतो. मी हिच्याकडे राहते, साहेब. खोडा तिकडचं नाव."

साहेबांनी खोडलं. मग बाईंचं पत्रक पुढे ओढलं. "आणि यांचं तुमचं नातं? इथे नाते नाही असं दिसतंय."

"ती माझी सून आहे."

"पण घटस्फोट झालाय ना?"

"तो या दोघांचा झाला. माझा नाही झाला. मला कुणी कागद आणून दिला नाही, आणि दिला असता तरी मी सही केली नसती."

बाई मध्ये पडल्या. "साहेब, नियमाप्रमाणे बघायचं तर..."

साहेबांनी टेबलाच्या खणातून नियमांचं पुस्तक काढलं, अंगठा ओला करून पान शोधलं आणि चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं. "नियम असा आहे, की नातं कुटुंबप्रमुख सांगेल ते लिहायचं. प्रगणकाने त्यात स्वतःची अक्कल चालवायची नाही. तुम्ही प्रशिक्षणाला होतात ना बाई?"

"होते."

"मग काय करत होतात?"

बाईंना वहीतलं पातेलं आठवलं. साहेबांनी दोन आडव्या रेघांनी 'नाते नाही' खोडलं, वर 'सून' लिहिलं आणि दुरुस्ती म्हणून सही केली. त्यांचं अक्षर भयंकर होतं, पण सासूबाईंनी ते वाकून वाचलं आणि मान डोलावली.

बाहेर पायऱ्यांवर सासूबाई पुढे गेल्या. मुलगा बाईंच्या बाजूने एकेक पायरी उतरत होता.

"ती रक्तदाबाची गोळी वेळेवर घेते का गं?" त्याने हळूच विचारलं.

"घेतल्यासारखं दाखवते. कुंडीत टाकते. आमचं जास्वंद एकदम शांत झालंय."

तो खो खो हसला, आणि बाईही हसल्या. आपण मिळून शेवटचं कधी हसलो होतो हे आठवायचा प्रयत्न दोघांनीही केला नाही.

गल्लीची गणना सहाशे सत्तावीस भरली. गोळी आता बाई समोर उभं राहून घ्यायला लावतात. मुलगा शनिवारी दुपारी येऊ लागला, पहिल्यांदा एकटाच. तो आईच्या चष्म्याचे स्क्रू आवळून द्यायचा आणि मेकॅनिकच्या घरातल्या अकरांपैकी कुणाच्या ना कुणाच्या चष्म्याची काडी जोडून द्यायचा.

महिन्याभराने तो बायकोला आणि बाळाला घेऊन आला. ती दारातच थबकली. चांगली साडी नेसली होती, कडेवर बाळ होतं, आणि आत यावं की न यावं हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. बाईंनाही आपले हात कुठे ठेवावेत कळेना. हातांना हिरवा रंग होता.

सासूबाई आतून आल्या, दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि एखादी जुनी गोष्ट सांगावी तशी ओळख करून दिली. "ही थोरली. ही धाकटी. आता उभ्या का? बसा."

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने भुवया उंचावल्या, म्हणजे माझ्या हातात काही नाही, तुझ्याही नाही.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "याने आत्ताच घाण केलीय. न्हाणीघर कुठे आहे?"

"या," बाई म्हणाल्या, "उजवीकडचा नळ उघडू नका, अंगावर उडतो," आणि तिच्या खांद्यावरची पिशवी घेऊन पुढे झाल्या.