बंद शेडमधलं गरम ऑइल

माझं कामच संशय घेण्याचं होतं. बंगळूरच्या एका कारखान्यात मी मीटर तपासायच्या विभागात होते. दाबाचे, तापमानाचे, विजेचे मीटर माझ्या टेबलावर यायचे आणि ते खोटं बोलतात असं धरूनच मी सुरुवात करायची. खरे निघाले की शिक्का मारून परत. ही सवय कारखान्याच्या गेटवर ठेवून घरी येता येत नाही. दूधवाला, धोबी, मला बघायला आलेले दोन-तीन मुलगे, सगळे या तपासणीतून गेले आणि नापास झाले. "तुझ्याकडे देव आला तरी आधी सर्टिफिकेट मागशील," असं अण्णा म्हणायचे.

अण्णा म्हणजे माझे वडील. आमचं घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचं. मराठी घरातल्या घरात, आणि तीही अशी की पुण्याहून पाहुणे आले की ते निम्म्या वेळा नुसतेच हसून मान हलवायचे. चामराजपेटेतल्या आमच्या घरामागे अंगण होतं आणि अंगणाच्या टोकाला पत्र्याची शेड. तिला मागच्या गल्लीकडे दोन मोठी लाकडी दारं आणि अंगणाकडे एक छोटं. आत अण्णांची गाडी. दोन सीटची, उघड्या टपाची, जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कार. कॉफीच्या मळ्यातून मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून अण्णांनी ती तरुणपणी घेतली होती. आई तिला सवत म्हणायची, पण नवरात्रातल्या आयुधपूजेला पहिलं कुंकू तिलाच लावायची.

नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात मिनर्व्हा सर्कलजवळ गाडी चालवता चालवता अण्णांची शुद्ध हरपली. गाडी फुटपाथवर चढली आणि विजेच्या खांबाला टेकून थांबली. कुणाला लागलं नाही हे नशीब. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं की हे पुन्हा कधीही होऊ शकतं, गाडी चालवणं बंद. अण्णांनी मला शब्द दिला, "चालवणार नाही." चावी माझ्या पर्समध्ये आली.

तेव्हापासून ते गप्प झाले. जेवायचे, पेपर उघडून बसायचे, पण पान उलटायचे नाहीत. मला एकाच गोष्टीची धास्ती होती. हा माणूस एक दिवस गुपचूप गाडी काढणार आणि रस्त्यात जाणार, आणि कदाचित आणखी कुणाला तरी बरोबर घेऊन जाणार. शब्द दिला होता खरा. पण शब्दावर मारायला माझ्याकडे शिक्का नव्हता.

ऑइलच्या तापमानाचा मीटर लावायची कल्पना माझी. रविवारी मी अण्णांना शेजारी बसवून चक्कर मारून आणायचे. रस्त्यांवर गर्दी वाढत चालली होती, आणि सिग्नलला उभं राहिलं की इंजिन तापून ऑइलचा दाब खाली यायचा. ऑइल नक्की किती तापतं ते कळायला हवं होतं. शिवाय अण्णांच्या हाताला काम मिळेल, हाही हिशेब होताच.

"कशाला मीटर?" अण्णा म्हणाले. "इतकी वर्षं वासावरनं कळतंय मला."

"मला आकड्यात कळू दे."

"गिऱ्हाईक बघितलंस की काय? विकायच्या आधी लोक असंच नटवतात गाडीला."

"अण्णा!"

"सरी, सरी, बरं. आपलं विचारलं." पण डोळ्यांतला भाव काही बदलला नाही. खाण तशी माती. संशय मला काही आकाशातून मिळाला नव्हता.

जे.सी. रोडवरच्या जुन्या सामानाच्या दुकानात हवा तसा मीटर मिळाला. त्याला वीज लागत नाही, त्यामुळे चावी फिरवलेली असो नसो, तो दाखवायचं ते दाखवतच राहतो. एका टोकाला पितळी बल्ब असतो, तो ऑइलमध्ये बुडतो. तिथून दोऱ्याएवढी बारीक तांब्याची नळी डॅशबोर्डवरच्या काट्यापर्यंत जाते. ही नळी एकदा मुडपली की मीटर मेला. अर्थातच मी तो आधी तपासला. स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी उकळून बल्ब बुडवला. काटा सत्त्याण्णववर जाऊन थांबला.

"बघ," अण्णा खूश झाले. "तीन डिग्री खोटं बोलतोय."

"तो नाही खोटं बोलत. आपलं गाव उंचावर आहे. इथं पाणी सत्त्याण्णवलाच उकळतं."

"अय्यो," आई म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी तुम्हाला कच्चा भात घातला की काय? आणि ते पातेलं आता गाडीलाच ठेवा, मी त्यात चहा करणार नाही."

बल्ब बसवायची सोपी जागा म्हणजे ऑइल सोडायच्या बुचाची. पण ती इंजिनाच्या अगदी तळाला, गाडीचं पोट जमिनीला टेकायला आलेलं, आणि आमच्याकडे गल्लोगल्ली स्पीडब्रेकरचे हंप. पहिल्याच हंपला बल्ब तुटून सगळं ऑइल रस्त्यावर सांडलं असतं. म्हणून आम्ही इंजिनाखालची ऑइलची टाकीच उतरवली, राजाजीनगरच्या एका वर्कशॉपात नेऊन तिच्या कुशीत भोक पाडून घेतलं आणि बल्ब फिरवून बसवायला आट्यांचा एक गोल तुकडा त्यावर पितळ वितळवून जोडून आणला. तो तुकडा मी उजेडात धरधरून तपासला. अण्णांनीही तपासला, मी बघत नसताना.

मग बल्ब बसवला, नळी सायलेन्सरच्या पाइपापासून लांबून वर घेतली, पायांसमोरच्या पत्र्याला भोक पाडून त्यात रबराची कडी घातली आणि नळी आत ओढली. इंजिन हलतं आणि बॉडी हलत नाही, मध्ये नळीला ताण बसतो. त्यासाठी मध्ये नळीचे दोन-तीन वेढे सैल सोडावे लागतात. ते वेढे अण्णांनी आपल्याच औषधाच्या बाटलीभोवती घातले, इतके गोल की मला कौतुक वाटलं आणि मी तसं म्हटलंही. ते काम चालू होतं तोवर अण्णा बोलत होते. मला शिव्या घालत होते, साहेबाच्या गोष्टी सांगत होते. काम संपलं आणि ते पुन्हा पेपर उघडून बसले.

त्यानंतर एका बुधवारी कारखान्यातून आल्यावर मी शेडमध्ये गेले. नव्या जोडातून ऑइल गळतंय का ते बघायला. स्वतःच्या कामावरही माझा विश्वास नव्हता. खाली वाकून पाहिलं, थेंब नाही. उठताना नजर मीटरवर गेली. गाडी रविवारपासून जागेवर उभी होती. काटा अगदी तळाला असायला हवा होता. तो पन्नासच्या पुढे होता.

आधी मी मीटरलाच आरोपी केलं. मग खाली हात घालून ऑइलच्या टाकीला लावला. पत्रा चांगलाच गरम होता. रेडिएटर कोमट, बॉनेट गार, पण ऑइल तापलं की सहजासहजी निवत नाही. मनात पाल चुकचुकली.

अण्णा व्हरांड्यात पेपर घेऊन बसले होते.

"शेडमध्ये गेला होतात?"

"नाही तर. का?"

"सहज."

"सहज काही विचारत नाहीस तू." आणि पेपर वर. ताकास तूर लागू दिली नाही.

गाडी किती चालली ते दाखवणारा आकडा रविवारचाच होता. माझ्यासारख्या बाईचं याने समाधान होईल होय? स्पीडोमीटरची केबल सोडून ठेवली की गाडी म्हैसूरला जाऊन आली तरी आकडा हलत नाही, हे मला ठाऊक होतं आणि अण्णांना माझ्याहून आधी ठाऊक होतं. केबलचा नट पाहिला. त्यावर धूळ होती. पण धूळ काय, बोटाने परत लावता येते.

आईला विचारलं, दुपारी काही आवाज येतो का. "शेजारची बोअरवेलची मोटार घुरघुरते रोज," ती म्हणाली. ती दुपारी रेडिओ लावून झोपायची. पुढे काही दिवस ऑइल गार, काही दिवस गरम. मी रोज काटा बघून ठेवत गेले. पुराव्याशिवाय मी मीटरसुद्धा नापास करत नसे. मांजर डोळे मिटून दूध पितंय आणि मी दाराआड उभी आहे, असं चाललं होतं. रागही येत होता, आणि कारखान्यात फोन वाजला की तो घरचाच असं धरून मी उचलायला धावायचे.

मग आयुधपूजा आली. गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, कोहळा फोडला, चारी चाकांपुढे लिंबं ठेवली. पूजा झाली की लिंबं चिरडत गाडी पुढे घ्यायची असते. इतकी वर्षं ते अण्णा करत. मी चावी काढली तर ते म्हणाले, "राहू दे लिंबं तशीच. मी चालवणार नाही, तर यंदा कुणीच नको." सणाच्या दिवशी कुणी वाद घालायचा? लिंबं राहिली. त्या रविवारची चक्करही नको म्हणाले.

नंतरच्या मंगळवारी काटा साठवर होता, आणि लिंबं चाकांना चिकटून जशीच्या तशी. मी एकेक उचलून पाहिलं, हो, हेही केलं, नवी आणून ठेवली असतील म्हणून. तीच होती. सुकलेली, कुंकवाचं बोट उमटलेली. म्हणजे गाडी तसूभरही हलली नव्हती आणि इंजिन मात्र चाललं होतं. माझा सगळा तर्क कोसळला. इतके दिवस मी साप साप म्हणून भुई धोपटत होते. हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट आता मला कळेना की मी कशाला घाबरायचं.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी दुपारी घरी आले, मागच्या गल्लीने. शेडची मोठी दारं आतून बंद होती. आत इंजिन चालू होतं, अगदी हळू. दाराखालच्या फटीतून निळसर धूर गल्लीत येत होता.

मी घराला वळसा घालून अंगणातून धावले आणि छोटं दार ढकललं. डोळे चुरचुरले. अण्णा ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे मिटलेले. संपलं, असं मला वाटलं. मी हात घालून चावी फिरवली, इंजिन बंद केलं, मोठ्या दारांची कडी काढून ती धाडकन उघडली.

"आपटू नको," अण्णा डोळे न उघडता म्हणाले. "आई झोपलीय तुझी."

मी रडले की ओरडले ते आता आठवत नाही, बहुतेक दोन्ही. त्यांना ओढून बाहेर हवेत आणलं. गाडीला लावलेली चावी आईच्या कपाटाची होती. त्या काळच्या गाडीला तेवढी पुरायची.

"गाडी हलवलेली नाही मी," ते म्हणाले. "चालवणार नाही म्हटलं होतं, चालवली नाही. लिंबं बघ."

"बघितली लिंबं."

"तुला कळलं कसं?"

"ऑइल गरम होतं."

अण्णा म्हणाले, "म्हणजे मीटर इंजिनाला नव्हता लावलास. मला लावलास."

"तुम्हाला लावता आला असता तर केव्हाच लावला असता!" मी म्हणाले. "दारं का बंद होती?"

"आवाज जातो बाहेर."

"आणि धूर?"

"स्वल्प डोकं जड होतं. मग बंद करतो मी."

हे सांगणारा माणूस उभं आयुष्य गाड्यांबरोबर जगला होता. बंद जागेत इंजिन चालू ठेवून माणसं मरतात, झोपेतल्या झोपेत, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. मला गाडी शिकवताना त्यांचा पहिला धडा हाच होता: आधी दारं उघड, मग चावी फिरव. एकदा मी विसरले तर हातावर चापट मारली होती. आणि आता ते म्हणत होते, आवाज जातो बाहेर. खरंही असेल. आवाज आईला ऐकू जाऊ नये म्हणून कुणी दारं लावून बसेल, गाडीत नुसतं बसायला मिळावं म्हणून. पण तेवढंच असेल का, हे मला तेव्हा विचारवलं नाही. आयुष्यभर सगळ्यांना प्रश्न विचारत आले, तो एक राहून गेला.

चहा झाल्यावर मी हातोडा आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन शेडपाशी गेले आणि मोठ्या दारांच्या बिजागऱ्या सोडायला लागले. स्क्रू गंजले होते. थोड्या वेळाने अण्णा आले, प्रत्येक स्क्रूवर तेलाचे दोन थेंब सोडले आणि बाजूला उभे राहिले. दार निखळलं तेव्हा खालची बाजू त्यांनी धरली.

आई अंगणात आली. "अय्यो, दारं का काढता? चोर येईल की!"

"कुजलीत," अण्णा म्हणाले.

सागवानी दारं होती ती, कुठेही कीड नव्हती. आई पुटपुटत आत गेली. आम्ही दार भिंतीला टेकवलं. मी अण्णांच्या तोंडाकडे बघत थांबले, मुद्दामच थांबले. दारं का काढतेस, असं ते विचारतील. चिडतील, मला वेड लागलंय म्हणतील, भलतेसलते संशय घेतेस म्हणून बोल लावतील. तसं झालं असतं तर मी तिथल्या तिथे हातोडा खाली टाकला असता आणि जन्मात पहिल्यांदा कुणावर तरी तपासल्याशिवाय विश्वास ठेवला असता.

अण्णांनी विचारलं नाही. त्यांनी लुंगीला हात पुसले आणि दुसऱ्या दाराच्या स्क्रूंना तेल सोडायला घेतलं.