एक हजार नऊ झाडांची वाटणी

रागिणी अकोल्यात गणिताच्या शिकवण्या घेते. नवरा गेला तेव्हापासून घर त्यावरच चालतं. चांदूर बाजारजवळची बापाची संत्र्याची बाग भाऊ वाटून घेताहेत असं कळलं, तशी ती कोणी न बोलावता येऊन उभी राहिली. "मले बी हिस्सा पायजे."

या घरात जमीन नाही, झाडं वाटतात. मोठा मनोज गेरूनं आणि धाकटा बंडू चुन्यानं, दोघंच आळीपाळीनं खोडांना पट्टे मारत गेले. शेवटी एक झाड उरलं.

"दादा, तू मोजणीत गडबड केली," बंडू म्हणाला.

"कोणी नाई केली," रागिणी म्हणाली. "एक हजार नऊ झाडं आहेत. दोघांत वाटा, तिघांत वाटा, सातांत वाटा, एक उरतेच. मूळ संख्या आहे ते. कशानंच भाग जात नाई."

"तुले धरून बी उरते, न धरून बी उरते," मनोज म्हणाला. "मंग तुले धरा कावून?"

आणि त्यानं गेरूचा ब्रश उरलेल्या झाडाला लावला. बंडूनं पाटाजवळ पडलेली कुऱ्हाड उचलून तिचा दांडा त्याच्या डोक्यात घातला. मनोज पडता पडता त्याच्या गळ्याला लोंबकळला. दोघं पाटाच्या चिखलात लोळले. बंडूचा अंगठा मनोजच्या डोळ्यात, मनोजचे दात बंडूच्या मनगटात.

रागिणीनं पडलेली कुऱ्हाड उचलली आणि त्यांच्या डोक्यांपासून हातभर अंतरावर त्या झाडाच्या बुडात घातली. घाव पडत गेले. झाड कलंडलं तसे दोघं सुटले.

"एक हजार आठ. तिघांत तीनशे छत्तीस. मिटलं?"

मनोजनं भुवईवरचं रक्त पुसलं. "दोघांत बी जाते आता. पाचशे चार."

"बराबर आहे, दादा," बंडू म्हणाला. आत्ताच ज्याचं डोकं फोडलं, त्याला त्यानं हात धरून उभं केलं.

रागिणी दोघांकडे पाहत राहिली. मग पुढच्या झाडाकडे वळली.

"ताई, काय करून राहिली तू?" बंडू ओरडला.

दुसरं झाड पडलं. तिच्या तळहातांची सालटी निघाली होती. लगेच तिनं तिसऱ्याला हात घातला. ते पडलं तसा मनोज घाईनं म्हणाला, "थांब. पाचशे तीन, पाचशे तीन. जमलं."

"मले नाई जमलं."

बंडू कुऱ्हाड हिसकायला धावला. तिनं पातं त्याच्या छातीसमोर धरलं. तो थांबला. चौथं झाड फळांसकट आडवं झालं.

"एक हजार पाच," ती धापा टाकत म्हणाली. "करा दोघांत."

मनोजनं ओठांतल्या ओठांत करून पाहिलं. "नाई जात."

"अन् तिघांत?" बंडूनं विचारलं.

"तीनशे पस्तीस. तुम्ही एक पाडून दोघांत जाईन असं केलं, तर मी अजून एक पाडीन."

बंडूनं मनोजकडे पाहिलं. मनोज मान खाली घालून पाटातल्या पाण्यानं रक्त धूत होता. बंडू पहिल्या ओळीपाशी गेला आणि खोडांवर थाप मारत मोजू लागला. "दादाचं. माह्यं. ताईचं."