पऱ्हाटीचा कोळसा

कापसाची वेचणी संपली, की मामी वाळलेली पऱ्हाटी बांधावर पेटवून द्यायची. यंदा तिनं खड्डा खणून त्यात ती पेटवली. काड्यांवर राखेची पांढरी साय धरू लागली, की ती लगेच वर नवा थर टाकायची. शेवटी तिनं घागरी भरभरून पाणी ओतलं आणि वाफेचा लोट उठला.

"मामी, अजून जळू दे ना," मी म्हणालो.

"राख झाली का सारं हवेत गेलं, बापू. कोळसा झाला त मातीत राहीन."

खड्ड्यात कोळसा करायची ही रीत शिकवायला गावात आलेल्या एका संस्थेच्या पोरांनी पाणी कधी ओतायचं ते घड्याळ लावून सांगितलं, तेव्हा ती हसली होती. शेगडीच्या कोळशासाठी चुलीतले निखारे विझवण्यात तिचा जन्म गेलेला.

हवेतला कार्बन झाडंही धरतात, पण झाड तोडून जाळलं की तो सुटतो. पऱ्हाटी कुजवली तर खत उत्तम होतं, पण कुजता कुजता बराचसा कार्बन हवेत परततो. कोळसा मात्र सहसा कुजत नाही. हवेतला कार्बन कमी कसा करायचा यावर शहरातल्या सभांमध्ये तासन् तास वाद घालणाऱ्यांना ओढत आणून या खड्ड्याशी उभं करावं, आणि सांगावं, ही माझी मामी!

निवलेला एक तुकडा तिनं माझ्या तळहातावर ठेवला. काळाकुट्ट, हलका, पण बोंड जिथं लागलं होतं ती गाठ अजून तशीच होती.

"जपून फेक वावरात," मामी म्हणाली. "तुह्या नातवाच्या नांगराले लागन तो."