भरल्या मिलचा आवाज

मी तापट आहे, हे आधीच सांगते. अणदूरच्या पिठाच्या गिरणीवाल्याची लेक. मोठ्यानं बोलायची सवय लहानपणापासूनची. वडील, म्हणजे आमचे अण्णा, ज्वारी दळताना गिऱ्हाइकाशी गप्पा मारत, पण कान गिरणीकडं. आवाज जड झाला की वरून पडणारे दाणे कमी करत आणि गिरणीलाच म्हणत, "साकु, साकु." घरात कानडी चालायची, साकु म्हणजे पुरे. जास्त खाऊ घातलं की गिरणी गप होते, हे मला शाळेत जायच्या आधी कळलं.

पुढं तुळजापूर रस्त्यावरच्या दगड-पावडरीच्या कारखान्यात मी बॉल मिल चालवायला लागले. मोठं लोखंडी पिंप फिरतं, आत पोलादी गोळे वर चढून दगडावर आपटतात आणि चुनखडीची पावडर होते. किती दगड सोडायचा ते पॅनेलपुढं बसून मी ठरवायची. मग मालकांनी आपोआप चालणारं कंट्रोल आणलं. महिनाभर चाचणी; जमलं तर माझी खुर्ची जाणार आणि मी पोती शिवायला. ते काम वाईट नाही. पण मला नको होतं, लई नको होतं.

पुण्याहून आलेला इंजिनिअर हुशार, पण मिलकडं पाठ करून बसायचा. कंट्रोलच्या यंत्राला त्यानं एकच शिकवलं होतं: मोटरचा अँपिअर, म्हणजे ती खेचते ती वीज, उतरला म्हणजे मिल रिकामी होतेय, दगड वाढव.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी खाणीतून टणक दगड आला. लवकर दळेना, आत साठत गेला. गोळ्यांचा खणखणाट बसला, घड्याळ उशीखाली दाबावं तसा. अँपिअर उतरला. यंत्रानं दगड वाढवला. अँपिअर आणखी उतरला, त्यानं आणखी वाढवला.

"साहेब, मिल भरलीया," मी म्हणाले.

"ताई, आकडा बघा. उपाशी आहे ती."

"उपाशी मिल बोंबलती. ही गप हाय. पोट तुंबल्यावर गोळे वर चढतच न्हाईत, मग मोटरीला जोर कशाला लागंल?"

तो हसला. उंटावरचा शहाणा. माझं डोकं फिरलं. खुर्ची जायचीच असेल तर आजच जाऊ दे. मी कंट्रोल हातावर घेतलं आणि दगड बंद केला. मालक दारात उभे होते.

"हे काय केलंत?"

"पंधरा मिनिटं द्या. दगड बंद असून अँपिअर चढला, तर माझं खरं. न्हाई चढला तर उद्यापासनं मी पोत्यांवर."

बराच वेळ आकडा हलेना. मग तो चढू लागला, आणि मागनं गोळ्यांचा खणखणाट आला. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

इंजिनिअरनं वाद घातला नाही, हे त्याचं मोठेपण. दुसऱ्या दिवशी मिलजवळ माइक लावायला घेतला आणि विचारलं, "ताई, कुठून ऐकायचं?" मी जागा दाखवली. दगड कुठल्या आवाजाला थांबवायचा तेही सांगितलं. यंत्रावर नजर ठेवायला मालकांनी खुर्ची माझ्याकडंच ठेवली, आणि यंत्राला कान आला.

अण्णांचे कान मात्र गिरणीनं कधीच खाल्लेत. रविवारी अणदूरला जाऊन मी त्यांच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं.

"मग ते यंत्र दगड थांबवतंय कधी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही साकु म्हणायचात, तवाच."

"काय? ऐकू आलं न्हाय," अण्णा म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. पहिल्याच वेळी त्यांना नीट ऐकू आलं होतं, हे मला कळत होतं. मी तरी तीनदा सांगितलं.