फाटकावरचा चेहरा

“मला कुठं घाई आहे?” नेव्हेनाच्या तोंडी हे वाक्य कायमचं. कॉफी निवून पाणी झाली तरी हेच, पावसानं गल्लीतून लोंढा आला आणि ती माझ्या दुकानात अडकून पडली तरी हेच. आमच्या प्लोव्हदिव्ह शहरातल्या माणसाला तशीही घाई शोभत नाही. टेकडीवरच्या जुन्या वस्तीत आम्ही एका कपावर अर्धी सकाळ काढतो आणि त्याची लाज बाळगत नाही. पण आमचं निवांतपण सुस्तीचं असतं. नेव्हेनाचं तसं नव्हतं. बिळासमोर बसलेलं मांजरही निवांतच दिसतं.

मी डोंगरपायथ्याच्या खेड्यातला. बाप टोमॅटो पिकवायचा, मी तिथलाच भाजीपाला इथं आणून विकतो. माझ्या दुकानासमोर रांगेलचं घर. आमच्या गल्लीतल्या घरांचे वरचे मजले रस्त्यावर ओणवे झालेले आहेत, एकमेकांच्या कानात काही सांगायला निघाल्यासारखे. समोरासमोरच्या खिडक्यांतून मिठाची वाटी हातोहात देता येते. रांगेलच्या वरच्या खोलीत नेव्हेना आणि तिची आई स्लावका भाड्यानं राहायच्या. कितीतरी वर्षं त्या खिडकीतून स्लावकाचा हात आणि माझ्या खिडकीतून माझा, असा आमचा व्यवहार चालला. कधी कोथिंबीर, कधी दह्याचं भांडं.

नेव्हेनाचं काम त्या खिडकीशीच असायचं. समोर कॉम्प्युटर, कानाला हेडफोन. दूरदेशी कुणाचं कपडे धुण्याचं यंत्र बिघडलं की तो कंपनीला फोन लावायचा, आणि फोन वाजायचा आमच्या टेकडीवर. माणसं तापलेली असायची. नेव्हेना त्यांच्या भाषेत मधासारख्या आवाजात बोलायची. भाषा मला कळत नसे, पण सूर कळे. ‘थांबा हं, बघते,’ असा तो सूर होता. पलीकडचा कितीही भडकला तरी ती त्याला थांबवून ठेवायची, आणि शेवटी तोच थकायचा. मागं खाटेवर आई. या कामामुळंच आईला कधी एकटं टाकावं लागलं नाही, हे ती मोठ्या अभिमानानं सांगायची.

हिवाळा सरता सरता, द्राक्षवेली छाटायच्या दिवसांत, स्लावका त्याच खाटेवर गेली.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो आणि नाव छापलेला कागद घराच्या फाटकावर लावतात, शेजारच्या भिंतींवर लावतात, चौकातल्या झाडावर लावतात. चाळिसाव्या दिवशी नवा कागद, मग सहा महिन्यांनी, मग वर्षानं. तो कागद कुणी उतरवत नाही. ऊन उतरवतं, पाऊस उतरवतो. तेवढा वेळ मेलेल्या माणसाला आपल्या दारात उभं राहायचा हक्क असतो.

चाळीस दिवसही झाले नव्हते तेव्हा रांगेल जिना चढून वर गेला. खिडकी उघडी होती, मी पेट्या लावत होतो. सगळं ऐकू आलं.

“नेव्हेना, खोली लागेल मला. परदेशी लोक येतायत. पिशवीत आपलं ऑफिस घेऊन फिरतात बघ. जुनं शहर, स्वस्त शहर, म्हणून वेडे झालेत.”

“मालक, मीही कॉम्प्युटरवरच काम करते.”

“करतेस गं, पण तू इथली आहेस.”

माझ्या दुकानावर, माझ्या खोलीशेजारची खोली रिकामी होती. खाट तेवढी मागं ठेवून तिनं सामान हलवलं. खिडकी बदलली, गल्ली तीच राहिली. इथवर असतं तर ती कदाचित विसरलीही असती. खोल्या जातात, माणसं दुसऱ्या शोधतात.

पण रांगेलला फाटक हिरवं रंगवायचं होतं. एका सकाळी रंग खरवडायची लोखंडी पट्टी घेऊन तो उभा राहिला आणि फाटकावरची स्लावका खरवडायला लागला. आधी डोक्यावरचा रुमाल गेला, मग कपाळ, मग ते थोडंसं तिरकं हसू. आपल्या नव्या खिडकीत नेव्हेना फोनवर होती. मी वर बघितलं. तिच्या आवाजात सुरकुती पडली नाही. पलीकडच्या माणसाचं यंत्र सुरू होईस्तोवर ती बोलत राहिली, मग हेडफोन काढून खाली आली आणि माझ्या बाकावर बसली.

“स्तामेनकाका, हा माणूस एक दिवस स्वतःच्या हातानं माझ्या आईचा कागद या फाटकावर लावेल.”

“रांगेल? त्याला मी शाळेतल्यापासून ओळखतो, पोरी. चुकलं म्हणायला त्याची जीभ वळत नाही. आणि नाही लावला तर?”

“मला कुठं घाई आहे?”

चाळिसाव्या दिवशी तिनं गहू शिजवले, साखर-अक्रोड घालून घरोघर वाटले, आणि नवा कागद फाटकावर लावला. संध्याकाळपर्यंत रांगेलनं तो काढला. सहा महिन्यांनी पुन्हा लावला, पुन्हा काढला. “माझं गिऱ्हाईक घाबरतं,” म्हणायचा. एका बाईनं तर त्याला विचारलं होतं म्हणे, ही म्हातारी निवडणुकीला उभी आहे का! हे सांगताना तो स्वतःच हसला. गल्लीत दुसरं कुणी हसलं नाही.

शरद ऋतूत त्या खोलीत योरिस आला. डच माणूस, उंच, शिष्ट नव्हे तर शिस्तीचा. कुठल्याशा पुलांची चित्रं कॉम्प्युटरवर काढायचा आणि आपल्या देशी पाठवायचा. नेव्हेनाच्याच खिडकीत, नेव्हेनासारखाच हेडफोन लावून बसायचा. रोज माझ्याकडे येऊन आमच्या भाषेत “शुभ दिवस” म्हणायचा आणि टोमॅटो दाबून न बघता घ्यायचा. मला तो आवडला होता.

रांगेलला त्याची भाषा येईना. तेव्हा निर्लज्जपणाची कमाल म्हणजे तो नेव्हेनाकडेच आला. कणसं सोलत मी तिथंच होतो.

“अगं, दिवसभर परक्यांशी गोड बोलतेस, माझंही एक काम कर. त्याला नीट समजावून सांग. फाटकावर कागद चिकटवलेला दिसला की लगेच खरवडून काढायचा. कुणाचा आहे, काय आहे, बघत बसायचं नाही. पट्टी दारामागं आहे.”

कणीस माझ्या हातातच राहिलं. मला वाटलं, आता ही त्याच्या थोबाडीत मारणार.

“एवढंच सांगू?” नेव्हेनानं विचारलं.

“एवढंच.”

“मी शब्दालाही धक्का लावणार नाही, मालक.”

ती गेली, फाटकाशी उभी राहून योरिसला सांगितलं, हातानं दारामागची पट्टी दाखवली. योरिस मन लावून ऐकत होता. गल्ली म्हणाली, पोरगी हरली. मीही तेच म्हणालो.

हिवाळ्यात रांगेलची आई गेली. तोदोरा. गुडघ्यांना गल्लीतले दगड सोसेनात म्हणून ती खेड्यात शेळ्या घेऊन राहायची. स्लावकाची मैत्रीण. स्लावकाच्या अंत्ययात्रेत सर्वांत मोठ्यानं तीच रडली होती, आणि नंतर नेव्हेनासाठी आलूबुखाराच्या मुरंब्याची बरणी पाठवली होती. मुलानं फाटकाशी काय केलं हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

पुरायच्या दिवशी सकाळीच रांगेल फाटकाशी आला. आईचा कागद लावला, कोपरे तळहातानं दाबले, फोटोचं चुंबन घेतलं आणि डोळे पुसत खेड्याला गेला. खोटं कशाला सांगू, मला त्याची कीव आली.

थोड्या वेळानं योरिस ब्रेड घेऊन परतला. फाटकावर कागद बघून थबकला. मग दारामागून पट्टी काढली.

मी दुकानातून ओरडत बाहेर धावलो, “नको! अरे नको!” त्याला शब्द कळले नाहीत म्हणून मी मान हलवली, जोरजोरात, खाली-वर, आम्ही नाही म्हणताना हलवतो तशी. त्यानं माझ्याकडे बघून आनंदानं हसून घेतलं आणि दुप्पट जोरानं खरवडायला लागला. त्यांच्या देशात ती मान ‘वा, चालू दे’ म्हणते, हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

मी वर बघितलं. नेव्हेना खिडकीत बसून सगळं बघत होती.

“नेव्हेना! सांग त्याला! तुझं एक वाक्य पुरे आहे!”

“मालकाचा हुकूम आहे, काका. मी कशी मोडू?”

“तोदोरानं तुझं काय वाकडं केलं होतं गं?”

तिनं फाटकाकडे बघितलं. खाली तोदोराची हनुवटी तेवढी उरली होती.

“तिनं काहीच नाही,” ती म्हणाली. “माझ्या आईनं तरी रांगेलचं काय केलं होतं?”

योरिसनं मागून ओलं फडकं फिरवलं. फाटक लख्ख झालं.

दुपारी रांगेल पुरून परत आला. बरोबर खेड्यातली माणसं, पुढं त्याची काळ्या रुमालातली मावशी. फाटकाशी येऊन सगळे उभे राहिले. योरिस पायरीवर होता, शाबासकीची वाट बघत. रांगेलनं त्याची कॉलर धरली.

“माझी आई कुठंय? कुणी काढली माझी आई?”

योरिस पांढराफटक पडला आणि काहीतरी बोलायला लागला, तेच तेच, पुन्हा पुन्हा. नेव्हेना सावकाश खाली आली. आपल्या फोनवरच्या आवाजात तिनं सांगितलं, “तो म्हणतोय, तुम्हीच सांगितलं होतं. कागद दिसला की लगेच खरवडायचा. कुणाचा आहे, काय आहे, बघत बसायचं नाही. पट्टी दारामागं आहे.”

गल्ली दारादारांत येऊन उभी राहिली होती. मावशीनं रांगेलकडे बघितलं.

“असं सांगितलं होतंस? कुणाचा चेहरा नको होता तुला तुझ्या दारात?”

रांगेलनं योरिसची कॉलर सोडली. गल्लीनंच उत्तर दिलं. सगळ्यांच्या माना एकदम नेव्हेनाकडे वळल्या. योरिसही तिच्याकडे बघत होता. आपल्या हातून काय करून घेतलं गेलं, हे त्याला भाषेशिवाय कळलं होतं. त्या एका नजरेला मात्र तिनं नजर दिली नाही.

रांगेलनं कोटातून आईचा दुसरा कागद काढला आणि फाटकाकडे वळला.

“थांबा, मालक,” नेव्हेना म्हणाली. तिच्या पिशवीत तिच्या आईचा कागद होता. तो तिनं पुढं धरला. “आधी माझी आई.”

“आज? आजच्या दिवशी हे करतेस तू?”

“तुम्ही चाळीस दिवसही थांबला नव्हतात.”

“घे तो कागद, रांगेल,” मावशी म्हणाली. “माझ्या बहिणीच्या आधी तिच्या मैत्रिणीला दारात जागा दे. तुझी आई असती तर तिनं तुला झोडपलं असतं.”

खळ माझ्या दुकानातून आली. रांगेलनं ब्रश बुडवला. खळ नव्या हिरव्या रंगावरून ओघळत होती. स्लावका फाटकावर परत आली, तिरकं हसत. तिच्या शेजारी त्यानं तोदोराला लावलं. मग तो वळला. डोळे लाल, आवाज बसलेला.

“केलं. माझ्या हातानं केलं. आता माफ केलं म्हण, नेव्हेना. माझ्या आईसमोर म्हण.”

नेव्हेना पुढं झाली. आपल्या आईच्या कागदाचा एक कोपरा सुटला होता, तो अंगठ्यानं दाबला. तोदोराच्याही कागदाचा एक सुटला होता. त्या कोपऱ्याकडे तिचा हात गेला, मध्येच थांबला, आणि मागं आला.

“मला कुठं घाई आहे?” ती म्हणाली.

आणि शाल सारखी करून गल्लीच्या उताराला लागली. घसरड्या दगडांवरून, एकेक पाऊल बघून टाकत. मी दुकानाच्या दारातून बघत होतो. मावशी रुमालाचं टोक दातात धरून बघत होती. रांगेल ब्रश तसाच धरून उभा होता, खळ त्याच्या बुटांवर ठिबकत होती. आणि वर, जी खिडकी कधी तिची होती, त्या खिडकीत योरिस हेडफोन गळ्यात अडकवून उभा होता, ती वळणाआड जाईपर्यंत.