उजवीकडून पहिली चौकट

अरबी फॉर्म तपासताना मी प्रत्येक प्रश्नाला मधल्या चौकटीत खूण केली. मला अरबी वाचता येत नाही, हे एक कारण. दुसरं असं, की मला कुणी काहीही विचारलं तरी माझं उत्तर मधलंच असतं. लग्नातलं जेवण कसं होतं? ठीक. नवीन घर कसं आहे? ठीक. एकदा दाढ काढताना डॉक्टरनं दुखतंय का म्हणून विचारलं, तेव्हा डोळ्यांतून पाणी गळत असतानाही मी हातानं ‘चालू द्या’ अशी खूण केली होती.

तर मधल्या चौकटी भरल्या, कागद मशीनमध्ये सरकवला. मशीननं मधले गुण दिले. मी खाली ‘तपासलं, बरोबर आहे’ असं लिहून सही ठोकली आणि कॉफी प्यायला गेलो.

आमचं काम थोडक्यात असं. आमच्या क्लिनिकमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या खेळाडूंकडून एक फॉर्म भरून घेतात. जिना उतरताना किती त्रास होतो, पळता पळता एकदम वळलं तर काय होतं, उकिडवं बसता येतं का, असे प्रश्न. प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकटी, ‘अजिबात त्रास नाही’पासून ‘असह्य त्रास’पर्यंत. आमच्या कोलंबस शहराच्या आसपास अरबी बोलणारे खेळाडू पुष्कळ, म्हणून फॉर्म अरबीत आणायचं ठरलं. त्यात माझा भाग आकड्यांचा. मी डॉक्टर आहे, पण संख्याशास्त्रातला. घरी कुणाला ताप आला तर मला कुणी विचारत नाही.

अनुवादाची खरी सूत्रं आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंच्या हातात होती. मूळच्या जॉर्डनच्या, पन्नाशीच्या, आणि शब्दाला शब्द ठेवून कुणी सुटलं असं त्यांच्याकडे होत नाही. दोघांनी वेगवेगळा अनुवाद केला, तिसऱ्यानं तो न बघता पुन्हा इंग्रजीत आणला, मग सगळे एका टेबलाभोवती बसले. ‘गुडघे टेकणं’ या एका प्रश्नावर दीड तास गेला. बाई म्हणाल्या, “आमच्याकडे माणूस दिवसातून पाच वेळा गुडघे टेकतो. बागकामाचं उदाहरण कशाला देताय? नमाजाचं द्या.” दिलं. इतक्या काळजीनं केलेलं काम शेवटी माझ्याकडे आलं, छापायला आणि मशीनला शिकवायला.

इंग्रजी फॉर्ममध्ये ‘अजिबात त्रास नाही’ ही चौकट सगळ्यात डावीकडे. अरबी उजवीकडून लिहितात, म्हणून अरबी फॉर्ममध्ये ती सगळ्यात उजवीकडे गेली. कागद मी फिरवला. मशीनला फिरवायचं राहिलं. ते बिचारं पूर्वीसारखंच डावीकडून मोजत राहिलं. ज्याला असह्य त्रास तो मशीनच्या लेखी धडधाकट, आणि जो धडधाकट तो मरणाच्या यातनेत. मधली चौकट मात्र कुठूनही मोजा, मधलीच. माझी तपासणी त्यामुळे अगदी बिनचूक उतरली.

आकडे यायला लागले तेव्हा मी खूश. अरबी गटातले काही जण किती झपाट्यानं बरे होतायत! मी रंगीत आलेख काढून आमच्या सर्जनना दाखवलासुद्धा.

फोन आला तो शनिवारी सकाळी. मी पोह्यांना फोडणी देत होतो.

“डॉक्टर,” बाई म्हणाल्या (त्या मला डॉक्टरच म्हणतात, आणि दर वेळी त्यात किंचित शंका असते), “ती सुदानी मुलगी, फुटबॉलवाली. नऊ महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं ती. काल जुम्म्याच्या नमाजाला माझ्या शेजारी होती.”

“बरं.”

“खुर्चीवर बसून नमाज पढली.”

“बरं,” मी पुन्हा म्हणालो. पोहे खाली लागत होते.

“बरं काय? तिला गुडघा टेकवत नाही! मी आत्ता लॅपटॉपवर तिची फाइल उघडली. तुमच्या मशीनच्या निकालात लिहिलंय, गुडघे टेकायला अजिबात त्रास नाही. पळायला नाही, उडी मारायला नाही, कशालाच नाही. बाकीच्या चाचण्यांत ती काठावर होती, या गुणांमुळे गुरुवारी तिला खेळायची परवानगी मिळाली. तिनं खोटं लिहिलं असेल?”

मी गॅस बंद केला. लॅपटॉप उघडला. तिनं भरलेल्या कागदाचा फोटो समोर आला. सगळ्या खुणा डाव्या बाजूला. एकीखाली एक, सरळ रांगेत. डावी बाजू म्हणजे अरबीत शेवटची. असह्य.

मी फोटो मोठा करून पुन्हा पाहिला.

“डॉक्टर? आहात का?”

“तिनं खोटं नाही लिहिलं,” मी म्हणालो.

खरं सांगायचं तर आधी मला माझी नोकरी आठवली. मग ग्रीन कार्डची फाइल. मग सर्जनना दाखवलेला तो आलेख, त्यातला खास निवडलेला हिरवा रंग. गुडघा चौथ्या नंबरावर आठवला. हे लिहिताना मान खाली जाते, पण क्रम तोच होता.

“तिची मॅच कधी आहे?” मी विचारलं.

“आज. अकराला. तिचा फोन बंद आहे, खेळताना सगळ्यांचे फोन बॅगेत असतात. मी क्लिव्हलँडला बहिणीकडे आलेय. तुम्ही कोलंबसजवळच्या डब्लिनला ना? तुम्हाला मैदानापर्यंत अर्धा तास. निघा!”

दहा पस्तीस झाले होते. जिन्यावरून माझी मुलगी बघत होती. “बाबा, व्हॉट डिड यू डू?” काय झालं असं नाही विचारलं. तू काय केलंस, असं विचारलं.

गाडीत सर्जनना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “आधी तिला थांबव,” ते म्हणाले. “मग आपण बोलू.” हायवेभर डोक्यात एकच चित्र. ती सुदानी मुलगी पळतेय, एकदम वळते, आणि गुडघा आतल्या आत निसटतो. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा नऊ महिने, आणि कदाचित खेळ कायमचा बंद. मी आयुष्यात कुणाचा गुडघा हातात धरून पाहिलेला नाही. त्या अर्ध्या तासात मात्र तो माझ्या मांडीवर ठेवल्यासारखा वाटत होता.

पोचलो तेव्हा मॅच सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. ती मैदानाच्या मधोमध, पाठीवर आठ नंबर, गुडघ्याला काळा पट्टा. मी रेषेवर उभ्या असलेल्या कोचकडे धावलो. कोच लेबनानी, जाडजूड, तोंडात शिट्टी.

“आठ नंबरला बाहेर काढा! आत्ता!”

त्यानं शिट्टी काढली. “तू कोण?”

“मी क्लिनिकमधून आलोय.”

“डॉक्टर?”

“तसा नाही. मी फॉर्म करतो.”

“फॉर्म,” तो म्हणाला, आणि शिट्टी परत तोंडात घातली. “तिच्याकडे डॉक्टरची चिठ्ठी आहे. जा, तिकडे बस.”

मी बाईंना फोन लावून स्पीकरवर टाकला आणि फोन त्याच्या कानाजवळ धरला. पुढचं अर्धं मिनिट अरबीत गेलं. मला एक अक्षर कळलं नाही, पण कोचचा चेहरा उतरत गेला ते कळलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, राखीव मुलीला उभं केलं आणि पंचाला हात केला. पण चेंडू बाहेर जाईपर्यंत कुणालाही बदलता येत नाही, आणि चेंडू बाहेर जाईना.

तेवढ्यात एक उंच चेंडू तिच्यावर आला. तिनं उडी मारली. मी डोळे मिटले. कोवळ्या वयात भुतांच्या गोष्टी ऐकतानासुद्धा मी असे घट्ट डोळे मिटले नव्हते. पाय जमिनीला लागल्याचा आवाज आला. किंचाळी आली नाही. डोळे उघडले तर ती उभी होती, हात मांडीवर, ओठ घट्ट मिटलेले. चेंडू एकदाचा रेषेबाहेर गेला आणि ती लंगडत आमच्याकडे आली.

सोमवारी सर्जननी तपासलं. गुडघा सुजला होता, नवीन काही फाटलं नव्हतं. बाकीचे सगळे अरबी फॉर्म त्याच दिवशी हातानं पुन्हा मोजले. ठणठणीत बरा झालेला एक गोलकीपर निघाला, जो माझ्यामुळे सहा आठवडे जास्तीचे व्यायाम करत होता. त्याच्या मांड्या आता प्रेक्षणीय आहेत, असं बाई सांगतात. आपण बोलू म्हणालेले सर्जन माझ्याशी बोललेसुद्धा, आणि ते मी इथे लिहिणार नाही. पण शनिवारी यातलं मला काहीच माहीत नव्हतं. ती बाकावर बसून गुडघ्यावर बर्फाची पिशवी दाबत होती, आणि मी तिच्यासमोर उभा होतो.

मी सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. तिचं इंग्रजी माझ्याहून चांगलं.

“म्हणजे मी फॉर्म बरोबर भरला होता?” तिनं विचारलं.

“अगदी बरोबर. तू बरोबर, अनुवाद बरोबर. मी सोडून सगळं बरोबर.”

ती बर्फाकडे बघत राहिली. “परवानगी आली तेव्हा मला वाटलं, गुडघा बरा झालाय, मीच घाबरतेय. इतक्या लोकांनी तपासून सांगितलं, तर दुखणं माझ्या डोक्यातच असणार. आज मैदानात उतरताना पाय कापत होते. मी स्वतःला म्हटलं, भित्री कुठली.”

मला काही सुचलं नाही की मी समजावून सांगायला लागतो. मशीन डावीकडून कसं मोजतं, कागद उजवीकडून कसा वाचतात, चूक नेमकी कुठे झाली, पुढे होऊ नये म्हणून मी काय काय करणार आहे. हातवारे करत होतो. मध्येच तीनदा सॉरी म्हणालो. मैदानात आरडाओरडा झाला, बहुधा गोल झाला असावा. ती मान एका बाजूला काढून बघायला लागली, मग दुसऱ्या बाजूला.

“अम्मो,” ती म्हणाली. म्हणजे काका. “कळलं मला. आता बाजूला व्हा. मॅच दिसत नाहीये.”