न हललेल्या पाइपचं अंतर

आखातातल्या शुऐबा बंदराच्या पाइप यार्डात अब्बास परकारने एकवीस वर्षं पाइप रचले. २००७ साली नाशिकच्या सलील इंजिनियरने प्रत्येक पाइपच्या तोंडावर काड्यापेटीएवढी रेडिओची डबी बसवली. डबी यार्डातल्या खांबांवर लावलेल्या रेडिओंपासूनचं अंतर मोजायची आणि पाइप कुठे आहे ते कम्प्युटरवर दिसायचं. उन्हातली शोधाशोध संपली म्हणून अब्बास खूश होता. पण सहा आठवड्यांत डब्यांतले सगळे सेल संपले. पुन्हा असं झालं तर डब्या काढून टाकीन, असं यार्डाच्या मॅनेजरने बजावलं.

तीनशे चाळीस डब्यांचे सेल अब्बासने शिडी लावून नऊ दिवसांत बदलले. तळातल्या, एकदाही न हललेल्या पाइपांचे सेलही संपलेले पाहून तो चक्रावला.

“साहेब, डबी मोजते कधी?” त्याने सलीलला विचारलं.

“दर दोन सेकंदांनी.”

“शुक्रवारीपण? क्रेन बंद असते तेव्हा?”

“हो, तेव्हाही.”

“मग सेल मरेल नाय तर काय! पाइप हललाच नाय, तर अंतर कालचंच ना? हलला की मोजा, नायतर झोपू द्या तिला!”

सलीलने कपाळावर हात मारला. “अब्बासभाई, मी महिनाभर मोठा सेल शोधतोय!”

त्याने डबीत हादऱ्याने चालू होणारा स्विच घातला. क्रेनने पाइप ठेवला की डबी उठे, अंतर मोजे आणि पुन्हा झोपे.

त्यानंतर आठव्या आठवड्यात मॅनेजरने स्वतः एक पाइप मागितला. कम्प्युटरने दाखवलेल्या जागी अब्बास धावला. पाइप तिथेच होता. त्याने सेलला मीटर लावला, काटा जवळजवळ टोकाला गेला.

“साहेब, भरलेला हाय!” तो ढिगावरूनच ओरडला.

मॅनेजर म्हणाला, “राहू देत डब्या.”